उलटी आलेली नाव

माझा धंदा आता उरलेला नाही, त्यामुळं तो आधी समजावून सांगावा लागतो. मी सिनेमा सांगायचो. सिनेमात काम करायचो असं नव्हे, सिनेमा काढायचो असंही नव्हे. पडद्यावर जे चाललंय ते माईकवरून लोकांना सांगायचो. जत्राजत्रांतून फिरणारा आमचा तंबू होता आणि मालक होते सोलापूरचे एक शेठ. हिंदी सिनेमा लागला की मला काम नसायचं. हिंदी-उर्दू आमच्या भागात सगळ्यांना कळायची, निजामाच्या राज्यानं तेवढं शिकवून ठेवलं होतं. पण शेठ स्वस्तात मिळेल ते उचलणारे. कधी तमिळ सिनेमा यायचा, कधी इंग्रजी, आणि कधी कुठल्या भाषेतला आहे हे डब्यावर वाचूनही कळू नये असा. तसलं काही आलं की पहिल्या दहा मिनिटांत तंबूतून आवाज उठायचा, "मास्तर, ह्यो काय म्हणतुया?" त्याचं उत्तर देण्यासाठी मी होतो.

खरं म्हणजे मी मास्तर नव्हतो. मास्तर होते माझे वडील, तुळजापूरच्या शाळेत. शिवाय आमच्या घराण्याला देवीच्या पूजेची पाळी होती. ठरलेले दिवस पूजा आमच्या घरानं करायची, ते संपले की दुसऱ्या घरानं. मी शाळेतही रमलो नाही आणि पाळीतही नाही. "दुसऱ्यानं काढलेल्या चित्रावर बडबड करायची, ह्याला काम म्हणतात का?" असं वडील म्हणाले आणि मी तंबूबरोबर निघून गेलो. गावोगाव लोक मला मास्तर म्हणतात हे त्यांना कळलं असतं तर त्यांना हसू आलं असतं की राग, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तंबूत माझ्याइतकंच, खरं तर माझ्याहून जास्त, महत्त्वाचं माणूस होतं मशीनवरचं. ते म्हणजे रसूलभाई. माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठे, उंच, थोडे वाकलेले. मशीनच्या दिव्याजवळ सतत बसून त्यांचा उजवा गाल डाव्यापेक्षा काळा झालाय असं मी त्यांना चिडवायचो. बोलणं अगदी कमी, आणि जे बोलायचे ते दखनीत. फिल्म तुटली तर ती जोडून पुन्हा चालू करेपर्यंत मी माईकवर काही चुटका सांगत असे. चुटका संपायच्या आत मशीन चालू झालं नाही असं कधी घडलं नाही. एकच गोष्ट त्यांनी शेठना नोकरीला लागतानाच सांगून ठेवली होती : तंबू कुठंही न्या, नळदुर्गाला नेऊ नका.

रसूलभाई मूळचे नळदुर्गचेच. वडील पिंजारी, कापूस पिंजून गाद्या भरून देणारे. ॲक्शनच्या वर्षी, म्हणजे निजामाचं राज्य गेलं तेव्हा, सगळीकडं भीती होती. कोण कुणाला भ्यालं याचा हिशेब आता मांडण्यात अर्थ नाही. रसूलभाई एका पहाटे घरात कुणाला न सांगता निघाले ते थेट गुलबर्ग्याला गेले. मागं आई होती, थोरला भाऊ होता. त्यांना काही झालं नाही, शेजारच्यांनी सांभाळलं. पुढं सगळं निवळलं, पण न सांगता गेलेला माणूस आता काय सांगून परत जाणार? एवढ्या एका गोष्टीवर त्यांची इतकी वर्षं गेली होती. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही फिल्म गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडं न बघता.

तर आमचा जिल्हा हैदराबादेकडून मुंबईकडं आला त्या सुमाराची गोष्ट. शेठनी एक नवा सिनेमा पाठवला. माणसांचा नव्हे, चित्रांचा. आता त्याला कार्टून म्हणतात आणि ते मुलापुढं लावून आई स्वयंपाक करते. तेव्हा तसला अख्खा सिनेमा आमच्याकडं कुणी पाहिला नव्हता, मीही नाही. नाव कुठल्या तरी अनोळखी लिपीत होतं. मी त्याला आपलं 'दिव्याचं बेट' म्हणायला लागलो आणि जाहिरातीच्या टांग्यावरही तेच लिहून घेतलं.

असला सिनेमा आला की आम्ही तो आधी 'सोडवायचो'. दुपारी तंबूच्या कनाती पाडून अंधार करायचा. रसूलभाई मशीन चालवणार, मी पुढं एकटा बसणार. पहिल्यांदा नुसता पाहायचा, डोकं चालवायचं नाही. दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहायचा. अनुभवानं सांगतो, आवाज बंद केला की गोष्टीचा सांगाडा दिसतो. सिनेमावाले रडण्याच्या जागी बाजा वाजवतात. बाजा बंद केल्यावरही डोळ्यांत पाणी आलं तर ती जागा खरी. मग मी स्वतःला विचारायचो : कोण निघालं? कशापायी निघालं? आडवं कोण आलं? मदतीला कोण धावलं? हाती काय लागलं? एवढ्याची उत्तरं मिळाली की सिनेमा सुटला. भाषा कळलीच पाहिजे असं काही नाही.

'दिव्याचं बेट' मात्र लगेच सुटला नाही. गोष्ट साधी वाटत होती. समुद्रकाठी कोळ्यांची वस्ती. दूर एका बेटावर उंच मनोरा, त्यावर दिवा. त्या दिव्याच्या उजेडात नावा खडक चुकवून घरी यायच्या. दिवा विझतो, नावा फुटायला लागतात. एक पोरगा आईचा निरोप घेऊन छोट्या नावेतून दिवा पेटवायला निघतो. वाटेत वादळ येतं, एक कासव त्याला साथ देतं, आणि बेटाजवळ गेल्यावर एक प्रचंड काळा पक्षी त्याच्या अंगावर येतो. पोरगा मनोऱ्यावर चढतो, दिवा लावतो, आणि शेवटी काठावर उभी असलेली आई लांबून उजेड बघते. संपला सिनेमा.

पक्ष्याला मी राक्षस ठरवून टाकलं होतं. काळा रंग, लाल डोळे, आणखी काय पाहिजे? तिसऱ्यांदा बघताना मशीनमागून रसूलभाई बोलले, "मास्तर, उसकू राक्षस मत बोलो. उप्पर देखो. उसका घोसला है वहाँ."

पुन्हा ते रीळ लावलं. खरोखरच विझलेल्या दिव्याच्या खोबणीत काड्यांचं घरटं होतं, आत तीन उघड्या चोची. चित्र काढणाऱ्यानं ते एका कोपऱ्यात, नजरेत येईल न येईल असं ठेवलं होतं. दिवा लावण्याआधी पोरगा ते घरटं उचलून खालच्या खिडकीत ठेवतो, हेही मी दोनदा पाहून सोडून दिलं होतं. पक्षी वाईट नव्हता, तो आपलं घर राखत होता. चांगल्या गोष्टीत आडवा येणाऱ्यालाही त्याचं कारण असतं, हे मी त्या दुपारी शिकलो आणि पुढं कितीतरी सिनेमांना लावून पाहिलं. ज्यात ते कारण सापडायचं नाही तो सिनेमा मी सांगायचो, पण मन लावून नाही.

पहिला खेळ झाला माकणीला, तेरणेच्या अंगाला. तिथं पहिली अडचण आली ती समुद्राची. समोर बसलेल्यांपैकी कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता, मीही नव्हता. मी म्हणालो, "मंडळी, तेरणेला पूर आलेला आठवा. आता असं समजा, की पलीकडचा काठच नाही." मागून एकजण म्हणाला, "मग पलीकडच्या रानाचं काय?" आणि त्या रानाच्या काळजीत वादळ येऊन गेलं.

दुसरी अडचण कासवाची. सिनेमावाल्यांनी ते हसवण्यासाठी घातलं होतं. ते धडपडायचं, उताणं पडायचं, पाय हलवायचं. सोडवताना आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. पण आमच्याकडं कासव कुठं असतं? देवळात, गाभाऱ्यासमोर, दगडात कोरलेलं. त्याला हात लावून मगच आत जायचं. पडद्यावर कासव आल्याबरोबर पुढच्या रांगेतल्या बायांनी हात जोडले. ते उताणं पडलं तेव्हा कुणी हसलं तर नाहीच, एक म्हातारी कळवळून म्हणाली, "आगं बया, सुलटं करा की त्येला कुनीतरी!" मी माझे ठरवलेले विनोद गिळले आणि कासव पोरासाठी हाल सोसतंय असं सांगायला लागलो. त्यानंतर तेच कासव अख्ख्या सिनेमात साधूसारखं दिसायला लागलं, चित्रातली एक रेघही न बदलता. कोणतं पात्र कोण आहे हे निम्मं काढणारा ठरवतो आणि निम्मं बघणारा. हे मी कुठं वाचलेलं नाही, माकणीला पाहिलेलं आहे.

एका बाईनं खेळ संपल्यावर मला गाठून विचारलं, "पोरगं जेवलं कवा?" मी आठवून पाहिलं. नव्हतंच जेवलं. दुसऱ्या दिवसापासून आई त्याला निघताना भाकरी बांधून देते असं मी सांगायला लागलो. पडद्यावर ती त्याला एक गाठोडं देतेच, त्यात काय आहे हे कुणी दाखवलेलं नाही. भाकरी असं म्हणायला माझी हरकत नव्हती.

माकणीहून तंबू निघणार होता अणदूरला, खंडोबाच्या जत्रेत. माकणीलाच शेठचा निरोप आला, की अणदूर झालं की पुढची जत्रा नळदुर्गाची, यंदा तिथं तंबू लावायचाच.

जे या भागातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. अणदूर आणि नळदुर्ग ही दोन गावं, हैदराबादच्या सडकेवर, एकमेकांपासून सकाळी निघालेला माणूस न्याहारीला पोचावा एवढ्या अंतरावर. दोन्ही गावांत खंडोबाचं देऊळ आहे, पण देव एकच. वर्षातला बराच काळ तो अणदूरला असतो. मार्गशीर्षातली जत्रा झाली की नळदुर्गाला जातो, तिथली पौषातली जत्रा करून परत येतो. नेताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांत करार होतो, अमुक दिवशी परत आणून देऊ म्हणून. देव न्यायला येणारे वाजतगाजत येतात, आणि देणारे डोळे पुसत, पण करारावर भरवसा ठेवून देतात. पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आलं आहे.

शेठचा निरोप रसूलभाईंनी ऐकला. संध्याकाळी मशीन पुसताना ते म्हणाले, "मास्तर, अणदूर तक हूँ मै. उसके बाद गुलबर्गा जातूं. शेठकू बोल दो, दुसरा आदमी देखो."

"आणि परत?"

"परत कायकू?"

मला फार वाईट वाटलं. रसूलभाईंशिवाय मला तंबूत राहायचं नव्हतं, आणि न्याहारीच्या अंतरावर आई असलेला माणूस उलट्या दिशेला निघून जाणार हे मला बघवतही नव्हतं. समजूत घालायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी मशीनचा पंखा चालू केला. त्या आवाजात बोलता येत नसे. फार दिवसांची ओळख होती ती, माझं तोंड बंद कसं करायचं हे त्यांना ठाऊक होतं.

अणदूरला पहिल्याच खेळाला तंबू भरला. मी रंगात होतो. समुद्र जमला, कासवाला हात जोडले गेले, पक्ष्याचं घरटं दिसल्यावर लोकांनी 'च्‌च्‌' केलं. शेवटी बेटावर दिवा पेटला, आईनं तो लांबून पाहिला, पडदा पांढरा झाला आणि कंदील लागले. कुणी उठलं नाही.

मला वाटलं भारावून गेलेत. तेवढ्यात मधल्या रांगेतून एक आजोबा उठून उभे राहिले. डोक्याला मोठा पटका, कपाळावर भंडारा. हे भीमाआबा, अणदूरचे शेतकरी. देवाच्या ने-आणीच्या वेळी त्यांच्या घरातला माणूस हजर असायचा.

"मास्तर," ते म्हणाले, "पोरगं परत कवा आलं?"

"आबा, ते तिथंच राहिलं. दिवा सांभाळायला."

"कायमचं?"

"कायमचं."

"अन् करार?"

मी गोंधळलो. "कसला करार?"

"आरं, गेलं म्हंजी परत यायचा करार आसंल की! आमचा देव जातूय तर करार करून जातूय, अन् ठरल्या दिशी परत येतूय. देवाला जे चुकत न्हाय ते ह्या पोराला चुकतंय व्हय? ह्यो कोण लागून गेला?"

तंबूत एकच गलका झाला. बाया म्हणाल्या, माय तिकडं काठावर उभी आहे तिचं काय? कुणी म्हणालं, मास्तरनं शेवटचं रीळ दाबून ठेवलंय. मी माईकवरून शपथेवर सांगितलं, की सिनेमा इथंच संपतो. "मग त्यो संपलेला न्हाय," भीमाआबा म्हणाले, आणि त्यांच्याबरोबर सगळा तंबू रागारागानं बाहेर पडला. पैसे कुणी परत मागितले नाहीत, हेच मला जास्त लागलं. त्यांना पैसे नको होते, त्यांना पोरगं परत पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भीमाआबा एकटेच तंबूत आले. आम्ही मशीनजवळ चहा पीत होतो. आबा बसले, चहा घेतला आणि मुद्द्यावर आले. "म्या रातभर इचार केला. पोरानं यायलाच पायजे."

मी काही म्हणायच्या आधी रसूलभाई बोलले. परक्या माणसासमोर ते कधी बोलत नसत. "बाबा, दिया छोड को कैसा आता वो? दिया कौन देखेगा? नावां फुटतीं ना!"

"पाळी लावायची. दोन म्हैनं दुसरा कुनीतरी बसंल दिव्यापाशी."

"दुसरेकू क्या मालूम काम?"

"शिकवायचं."

"इत्ते दिन हो गए बाबा उसकू जाको. अब कौनसे मूँ से आना? गाँव क्या बोलेगा?"

रसूलभाईंचा आवाज चढला होता. सिनेमात त्या पोराला जाऊन एक रात्र झालेली असते, इतके दिवस कुठले? मी मान खाली घातली. भीमाआबांनी मात्र मान वर करून रसूलभाईंकडं नीट पाहिलं, बराच वेळ.

"तू पिंजाऱ्याचा रसूल न्हवं? नळदुर्गाच्या अमिनाबीचा? आरं, आमच्या घरच्या समद्या गाद्या तुझ्या बानं भरल्यात."

रसूलभाई मशीन पुसायला लागले. कप खाली ठेवून आबा उठले आणि कनातीपाशी थांबून म्हणाले, "गाव दोन दीस बोलतं, बाबा. तिसऱ्या दिशी त्येला दुसरं काम आसतं." आणि गेले.

सोडवण्याच्या माझ्या प्रश्नांत एक प्रश्न कमी होता, तो मला तेव्हा कळला. निघालं कोण, आडवं कोण आलं, हाती काय लागलं, एवढं विचारून मी थांबत होतो. 'परत आलं का?' हे विचारतच नव्हतो. ज्याच्या घरात देवीची पाळी येते आणि जाते, त्याला हे शेतकऱ्यानं सांगावं लागलं. मीही घरातून निघालेलाच होतो, म्हणून कदाचित तो प्रश्न सुचला नसावा.

त्या संध्याकाळच्या खेळाला गर्दी निम्मी होती. जे आले ते भांडायच्या तयारीनं आले होते. मी माईक हातात घेतला तेव्हा मागून रसूलभाईंचा आवाज आला, "मास्तर, आखिर में बोलो, वापस आया बोल को."

"रीळमधे नाही रसूलभाई. दाखवणार काय?"

"तुम बोलो. मै दिखातूं."

दिवा पेटला. आईनं पाहिला. पडदा पांढरा झाला, पण कंदील लागले नाहीत. अंधारात मशीनची खुडबुड ऐकू येत होती. मी वेळ काढत होतो. सांगितलं, की दिवा लागला, नावा सुखरूप आल्या, वस्तीतल्या जाणत्यांनी पाळी लावली, दिव्याचं काम दुसऱ्यानं शिकून घेतलं, आणि पोरगा... तेवढ्यात पडद्यावर उजेड आला.

पहिलं रीळ होतं ते, पोरगा आईचा निरोप घेऊन निघतो ते. आमच्या मशीनला एक खटका होता. तो ओढला की फिल्म उलटी चालायची. कुठं काही बिघडलं तर मागं घेऊन बघण्यासाठी तो होता, लोकांसमोर कुणी वापरत नसे. रसूलभाईंनी तो ओढला होता. क्षितिजावरचा एवढासा ठिपका मोठा होत गेला, त्याची नाव झाली, नाव काठाकडं सरकत आली. काठावर आई हात हलवत होती. हात हलवणं सुलटं काय नि उलटं काय, सारखंच दिसतं. निरोपाचा हात बोलावण्याचा झाला. नाव काठाला लागली, पोरगा काठावर आला, आईनं त्याला पोटाशी धरलं आणि त्याच्या हातातलं भाकरीचं गाठोडं परत घेतलं.

"आलं! आलं पोरगं!" तंबू उठून उभा राहिला.

फक्त एकजण म्हणाला, "पर नाव उलटी का येतीया? पोराचं तोंड तिकडं कसं?"

याचं उत्तर भीमाआबांकडं होतं. ते रांगेतून ओरडले, "येड्या, देवाम्होरनं निघताना तू पाठ दावतूस का? उंबऱ्यापतुर मागं मागंच येतूस न्हवं? पोरगं दिव्याम्होरनं निघालंय. त्येला पाठ कशी दावंल?"

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. "येळकोट, येळकोट!" सुरू झालं, कुणीतरी मूठभर भंडारा उधळला तो थेट पडद्यावर. शेठचा पांढरा पडदा उजव्या कोपऱ्यात पिवळा झाला, आणि पुढं कितीही धुतला तरी त्यानंतरच्या प्रत्येक सिनेमाच्या आभाळात तो पिवळा डाग राहिला. मद्रासच्या आभाळात, मुंबईच्या, विलायतेच्या. रसूलभाई त्या डागाला अणदूरचा चाँद म्हणायचे.

जत्रा झाली. देव ठरल्याप्रमाणे नळदुर्गाला गेला, त्याच्याबरोबर भीमाआबाही गेले. चार दिवसांनी आमचा ट्रक भरला. रसूलभाईंनी नेहमीसारखी मशीनची पेटी स्वतः चढवली, गोधडीत गुंडाळली. ट्रकचं तोंड नळदुर्गाकडं होतं. मी त्यांना काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी पंखा चालू केला असता, आणि पंखा पेटीत होता.

"पुढं बसा, ड्रायव्हरशेजारी," एवढंच म्हणालो.

"नक्को." ते मागं चढले, पाठीमागच्या फळीवर पाय खाली सोडून बसले, तोंड अणदूरकडं, पाठ नळदुर्गाकडं. "नाव कैसी आई मास्तर? मै भी वैसाच आतूं."

मी त्यांच्याशेजारी तसाच बसलो. दोघं मागं पळणारी सडक बघत राहिलो. ज्वारीची रानं गेली, झाडं गेली. नळदुर्ग आलं हे मला त्यांच्या हातांवरून कळलं, त्यांनी फळी घट्ट धरली होती. ट्रक बोरी नदीच्या अंगाला मैदानात थांबला. तंबू आला की माणसं जमतातच, तशी मागं जमू लागली असावीत. रसूलभाई उतरले नाहीत. मानही वळवली नाही. मी वळून पाहिलं, तर भीमाआबा पटका सावरत येत होते आणि त्यांच्याबरोबर काठी टेकत एक ठेंगणी म्हातारी. आबांनी काम केलं होतं.

म्हातारी ट्रकला वळसा घालून पुढं आली नाही. रसूलभाईंच्या पाठीशीच उभी राहिली, बाजूच्या फळीवर काठी वाजवली आणि म्हणाली, "मूँ उदर कायकू करको बैठा रे? घर इदर है."

इतक्या वर्षांत काय झालं, कुठं होतास, का गेलास, यातलं एक अक्षर नाही. रसूलभाई उतरले ते उतरतानाच रडायला लागले. मी पेट्या मोजण्याचं निमित्त करून ट्रकमध्येच वाकलो, कारण मलाही तेच होत होतं.

ते घरी गेले, आणि खेळाची वेळ झाली तरी आले नाहीत. मशीनवर कोण बसणार हा प्रश्नच नव्हता. पाळी माझी होती. थोडंफार मला त्यांनीच शिकवलेलं होतं. मग माईकवर कोण? भीमाआबांनी तो आपण होऊन घेतला. तोंडाला भिडवून त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं, "मंडळी, काळजी करू नगा, शेवटी पोरगं परत येतंय."

मी कपाळाला हात लावला. गोष्टीचा शेवट आधी फोडायचा नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं पथ्य. पण खरं सांगतो, एकही माणूस उठलं नाही. उलट माझ्या कुठल्याही खेळापेक्षा लोक निवांत बसले. वादळ आलं तरी बाया भ्याल्या नाहीत, पक्ष्याचं घरटं त्यांनी माझ्याही आधी पाहिलं. परत येणार हे ठाऊक असलं की माणसाला वाटेतलं सगळं नीट बघता येतं. धंदा सोडून इतकी वर्षं झाली, तंबू गेला, ती रिळं सोलापूरला परत गेली ती पुन्हा दिसली नाहीत, सिनेमाचं खरं नावही मला कधी कळलं नाही. पण गोष्टीबद्दल मला एवढं एक नक्की कळलेलं आहे.

मधेच कधीतरी रसूलभाई आले होते. जेवून आले होते. मी जागा द्यायला उठलो तर खांद्यावर हात ठेवून त्यांनी मला खाली बसवलं आणि पुढं जाऊन बसले, बायका-पुरुषांमधल्या दोरीला लागून. दोरीच्या पलीकडं त्यांची अम्मा. हा सिनेमा त्यांनी किती वेळा दाखवला होता, पण समोरून, लोकांत बसून पहिल्यांदाच बघत होते.

शेवट आला. मी पहिलं रीळ लावलं आणि खटका ओढला, जरा जोरातच. मशीन करकरलं. रसूलभाई गर्रकन मागं वळून ओरडले, "आस्ते मास्तर, आस्ते! टूट जाता!"

अम्मांनी दोरीवरून हात घातला, लेकाची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड पडद्याकडं वळवलं. नाव काठाला लागत होती.